अमीनसाहेबांची प्रकृती

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. नीळकंठराव साल्पेकर गेले असतील तर कुठे आणि कसे गेले, हे मला ठाऊक नाही, आणि चौकशी करावी असं कधी वाटलंही नाही. तरी आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, आणि तो रिवाज पाळण्याचा माझा इरादा नाही.

गडचिरोलीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. मोजणी खात्यात ते अमीन होते. जरीब, म्हणजे लोखंडी कड्यांची साखळी, टाकून जमीन मोजायची, हद्द ठरवायची आणि ती नकाशावर उतरवायची, हे त्यांचं काम. म्हणून ते अमीनसाहेब. आमच्या आणि त्यांच्या अंगणांच्या मधे बांबूच्या ताट्यांचं कुंपण होतं. माझे वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, त्यामुळे आम्हांलाही खात्याकडून मिळालेलं तसंच कौलारू घर होतं. कुंपणापलीकडे ते आले आहेत हे मला दिसण्याआधी वासावरून कळायचं. नकाशांना कसर लागू नये म्हणून ते कोटाच्या खिशात कापूर बाळगत. देवघरातला कापूर मला आवडायचा, त्यांचा आवडायचा नाही. त्यात शाईचा आणि फार दिवस बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास मिसळलेला असे.

वाकडं काही त्यांना खपत नसे. डोक्यावरचा भांग पट्टी लावून पाडल्यासारखा. पेन्सिलीला टोक करायला दाढीचं पातं. ते टोक पारखायचं ते मात्र स्वतःच्या बोटावर नाही, समोर जे मूल असेल त्याच्या तळहातावर. ‘हात पुढे,’ म्हणत, आणि टोक हलकेच रुतवत. मूल दचकलं की टोक बरोबर झालं. माझ्या डाव्या तळहातात शिशाचा एक निळसर ठिपका कातडीखाली अजून आहे.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या बाई रांगोळी फार सुरेख काढत. वेली, कुयऱ्या, मोराच्या मानेचा बाक, सगळं एका ओघात. लग्नानंतर त्यांनी अंगणात वेल काढणं सोडलं होतं. दारात ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा, एवढंच. मात्र मागच्या बाजूला, जिथे पाणी तापवायची चूल होती आणि जिथे अमीनसाहेब कधी फिरकत नसत, तिथे एक बारीक नागमोडी वेल रोज उमटायची आणि रोज पुसली जायची. मी ती पाहिली आहे. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं होतं, तेही मी पाहिलं आहे.

आमच्या अंगणात कुंपणाला लागून पारिजात होता. पहाटे त्याची फुलं दोन्हीकडे पडत. एका सकाळी अमीनसाहेबांनी कुंपणावरून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं आईच्या हाती दिलं. आईला वाटलं प्रसाद असावा. उघडलं तर त्यांच्या बाजूला पडलेली सगळी फुलं, मातीसकट.

‘तुमच्या हद्दीतला माल,’ ते म्हणाले.

आई हसून म्हणाली, ‘फुलंच ती, अमीनसाहेब. कुठे पडायचं ते झाडाला कसं सांगणार?’

‘झाडाला सांगता येत नाही, वहिनी. फांदीला सांगता येतं.’

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. फांदी त्यांच्या बाजूला जेवढी होती, अगदी तेवढीच त्यांनी तोडली होती. कुंपणाच्या रेषेत, सुरीनं कापल्यासारखी. वडील ते पाहून म्हणाले, ‘काम मात्र स्वच्छ केलंय.’ आई त्या दिवशी पुन्हा ताटावर बसली नाही.

आता त्यांच्या बाजूचं एक लिहिते, नाहीतर हा नुसता राग होईल. भूगोल त्यांना येत होता. पावसाळ्यात जंगलातली मोजणी बंद असे, तेव्हा संध्याकाळी ते आपल्या ओसरीवर आम्हां आजूबाजूच्या मुलांना गोळा करून नकाशा शिकवीत. भिंतीवर भारताचा मोठा थोरला कापडी नकाशा. बाहेर कौलांवरून पाण्याच्या धारा, आत कंदिलाचा पिवळा उजेड आणि त्या उजेडात त्यांची छडी पर्वतांवरून फिरायची. शाळेत जे पाठ करून संपत असे ते त्यांच्या तोंडून ऐकताना जिवंत व्हायचं. वैनगंगा कुठून निघते, वर्धेला कुठे मिळते, दोघींची प्राणहिता होऊन ती सिरोंच्याजवळ गोदावरीत कशी उतरते, हे सांगताना त्या माणसाचा कोरडा आवाज किंचित ओला होई. मग ते नद्या सोडून रेघांकडे वळत, आणि पुन्हा कोरडे होत.

‘देशाचा आकार कोणी ठरवला?’ हा त्यांचा आवडता प्रश्न.

‘देवानं,’ कोणी म्हणे. ‘हिमालयानं,’ दुसरा म्हणे. ‘समुद्रानं.’

‘सगळे चूक. आखणाऱ्यानं ठरवला. हिमालय तिथे होताच की आधीपासून. त्याला हद्द म्हणायचं हे कोणीतरी बसून ठरवलं.’ मग ते सांगत, की हा चांदा मुलूख एके काळी गोंड राजांचा, मग भोसल्यांचा, मग इंग्रजांचा. प्रत्येकानं आपली रेघ ओढली आणि आधीची पुसली. पूर्वेला बस्तरच्या बाजूला एका ठिकाणी हद्द उगीचच आत वळली आहे. तिथे नदी नाही की डोंगर नाही. ‘का वळली? हद्द पाहायला निघालेल्या गोऱ्या साहेबाचा हत्ती तिथून पुढे जायला तयार नव्हता. आणि साहेबाची जेवणाची वेळ झाली होती.’ ही गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. आम्ही पोट धरून हसत असू. आमचं हसणं त्या साहेबावर होतं. अमीनसाहेब मात्र त्याचा हेवा करीत, हे मला फार उशिरा उमगलं.

आमच्यात लाजवंती नावाची एक सिंधी मुलगी होती. तिचे वडील फाळणीनंतर कुठून कुठून भटकत येऊन गडचिरोलीत कापडाचं दुकान घालून बसले होते. एका संध्याकाळी अमीनसाहेब म्हणाले, ‘आपापलं गाव दाखवा.’ कोणी आरमोरी दाखवलं, कोणी वरोरा. लाजवंतीची पाळी आली तेव्हा ती चवड्यांवर उभी राहिली आणि डावीकडे, जिथे नकाशाचा रंग संपून नुसतं कोरं कापड सुरू होत होतं, तिथे तिनं बोट ठेवलं. तिथे काहीच छापलेलं नव्हतं. पण तिला जागा माहीत होती.

अमीनसाहेबांनी छडीच्या टोकानं तिचं बोट उचललं आणि सरकवत सरकवत रंगाच्या आत आणून ठेवलं.

‘तो भाग आता नकाशाबाहेर. इथे ठेव. कुठेही ठेव, पण आत ठेव.’

‘पर घर तो उधर है,’ ती म्हणाली.

‘होतं,’ ते म्हणाले. आणि मग आम्हां सगळ्यांकडे वळून, कौतुकानं डोळे बारीक करून, त्यांनी ते वाक्य उच्चारलं जे मी त्यांना कधीही माफ करणार नाही: ‘एवढा मोठा देश, आणि इतक्या थोड्या दिवसांत रेघ मारून मोकळे झाले. याला म्हणतात काम!’

लाजवंती रडली नाही. ती खाली बसली आणि ते बोट तिनं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं, भाजल्यासारखं. पुन्हा ती ओसरीवर आली नाही.

हे सगळं मी लिहिलं नसतं. जगात कठोर शेजारी आणि तऱ्हेवाईक मास्तर पुष्कळ असतात. लिहायला बसले ती पळसटोल्यासाठी.

जमीनदाऱ्या नुकत्याच संपल्या होत्या. जमीनदारांची जंगलं सरकारकडे आली होती, आणि राखीव जंगल कुठे संपतं, गावाची जमीन कुठे सुरू होते, हे नव्यानं आखायचं होतं. अमीनसाहेबांचा मोसम आला होता. झेंड्या, जरीब, कंपास आणि तीन पायांची फळी घेऊन ते पहाटे निघत. जिथे हद्द ठरे तिथे दगडांचे मुनारे रचून त्यांना चुना फासला जाई. त्या हिरव्यागार, सावलीनं दाट झालेल्या रानात ते पांढरे मुनारे दुरून दातांसारखे दिसायचे.

पळसटोला ही गडचिरोलीपासून बैलगाडीच्या वाटेवरची गोंडांची लहानशी वस्ती. तिथली बुधरी आमच्या घरी यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत ऋतूप्रमाणे चारोळी, टेंभरं, डिंक आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळवलेली मोहफुलं. ती आली की स्वयंपाकघरात तो वास भरून राही, गोड, किंचित आंबूस, उन्हात तापलेल्या मधासारखा. आईला ती ‘बाई’ म्हणे, वडिलांना ‘डॉक्टरभाऊ’. तिचा सासरा चैतू हा टोल्याचा गायता, म्हणजे गावाची सीव पुजणारा माणूस. सीव म्हणजे गावाची शेवटची रेषा. ती कागदावर कुठेच नव्हती. दर वर्षी पेरणीआधी गायता ती पायांनी चालून पुजायचा, आणि पुढच्या गायत्याला ती पायांनीच शिकवायचा.

फाल्गुनात वडील देवी टोचायला पळसटोल्याला निघाले तेव्हा हट्ट करून मी गाडीत बसले. पोचलो तो सगळी वस्ती मोहाच्या झाडांखाली गोळा झालेली. पहाटेची फुलं गळून पडली होती. पिवळट, गुबगुबीत, पाणी भरल्यासारखी. पाऊल टाकायला जागा नव्हती. बायकांच्या टोपल्या अर्ध्याच भरलेल्या, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध अमीनसाहेबांची तिपाई उभी. कापराचा वास त्या मोहाच्या वासात शिरला होता.

वाद काय होता ते तिथे उभ्या उभ्या कळलं. पळसटोल्याची सीव आतापर्यंत सरळ येऊन, मोहाच्या झाडांना बाहेरून वळसा घालून, बोडीच्या पाळीवरून पलीकडे जात होती. बोडी म्हणजे त्यांचं लहानसं तळं. अमीनसाहेबांना तो वळसा नको होता. टेकडीवरच्या एका दगडापासून नाल्यापर्यंत त्यांनी सरळ रेघ धरली होती. त्या रेघेत मोहाची झाडं राखीव जंगलात जात होती, आणि बोडीही अर्धी जात होती.

चैतू म्हणाला, ‘साहेब, सीव इकून नाई जात. मोहाच्या पल्याडून जाते.’

‘आणि अशी वाकडी का जाते?’

‘आमचे बुढे तसे फिरले जी.’

‘का फिरले?’

चैतूला प्रश्न कळेना. तो म्हणाला, ‘मोहं होते ना.’

अमीनसाहेब मोठ्यानं हसले. ‘ऐकलंत डॉक्टर? चार झाडं मधे आली म्हणून हद्द वाकली! अहो, नागमोडी हद्द राखायची म्हणजे दुप्पट मुनारे लागतात. आणि नकाशावर दिसते कशी? दारुड्यानं ओढल्यासारखी.’

वडील म्हणाले, ‘यांचं उन्हाळ्याचं पोट या झाडांवर असतं, अमीनसाहेब. वाकू द्या की थोडी.’

‘पोटं पाहून रेघ ओढली तर रेघ कशी राहील?’

तेव्हा चैतू गायता पुढे आला. कमरेत वाकलेला, अंगावर फक्त पंचा, पण आवाज असा की बायकांची कुजबुज थांबली. ‘तुमी म्हणता, सीव इकून जाते. मंग माती घ्या डोक्शावर, अन् फिरा.’

 फुलं गळण्याचा टप् टप् आवाज तेवढा येत राहिला.

बुधरीनं हळू आवाजात माझ्या वडिलांना समजावलं तेव्हा मलाही कळलं. दोन गावांत सीवेवरून भांडण झालं की जो हक्क सांगतो त्यानं त्याच जागेची माती खणून, पानात घेऊन डोक्यावर धरायची आणि अनवाणी चालायचं. तो चालेल ती सीव. त्यावर मग कोणी अक्षर बोलायचं नाही. पण तो खोटा चालला असेल तर माती त्याला सोडत नाही. त्याचे पाय जातात, नाहीतर तो जातो. ‘म्हून कोणी खोटा फिरतच नाई जी,’ बुधरी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू होतं. टोल्यातल्या साऱ्यांच्याच चेहऱ्यावर होतं. साहेब आता नाही म्हणणार, फळी आवरणार आणि जाणार, याची त्यांना खात्री होती. डोक्यावर माती घेऊन कोणी खोटं चालू शकतो, ही कल्पना त्या माणसांना करताच येत नव्हती. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच.

अमीनसाहेबांनी डोळे बारीक केले. ‘मी फिरलो तर मग तक्रार नाही ना?’

‘मंग कायची तक्रार जी? मंग आमी बोलतच नाई.’

‘साहेबांपुढे सुनावणी होईल, तिथेही नाही?’

‘कुठीच नाई.’

ते खाली बसले आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांचे पाय मी प्रथमच पाहिले, दगड उचलल्यावर खाली दिसणाऱ्या गवतासारखे पांढुरके. डोक्यावर त्यांनी रुमाल अंथरला तेव्हा चैतूनं तो काढून घेतला. ‘मातीले केस लागले पायजे.’ पळसाच्या पानातली ओली माती त्यांच्या त्या काटेकोर भांगावर ठेवली गेली. डाव्या हातानं ती धरून, उजव्या हातात कंपास घेऊन, समोरच्या सागावर बांधलेल्या पांढऱ्या झेंडीवर नजर रोखून ते चालू लागले.

मी त्यांच्याकडेच पाहत होते. क्षणभर थबकतील, निदान घसा खाकरतील, असं मला वाटत होतं. तो माणूस थोडा घाबरला असता तरी मी आज हे लिहिलं नसतं. पायांखाली मोहफुलं चिरडत होती आणि त्यांचा गोड चिकट रस बोटांत भरत होता, तेवढा मात्र त्यांना आवडला नाही; ते मधे मधे पाय झटकत होते. वाटेत बुधरी टोपली घेऊन उभी होती. ‘बाई, बाजूला,’ ते म्हणाले. ती बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा मावळलं नव्हतं, पण ते तिथे नुसतं राहून गेलं होतं, उचलायला विसरल्यासारखं.

नाल्याशी पोचल्यावर त्यांनी माती झटकली, कंगवा काढून भांग पुन्हा पाडला आणि माणसांना सांगितलं, ‘लावा मुनारे.’ मग वडिलांजवळ येऊन, बूट चढवता चढवता, ‘या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं, डॉक्टर.’

काही दिवसांनी वरचे साहेब सुनावणीला आले. आंब्याखाली टेबल मांडलं. कोणाची हरकत आहे का, असं त्यांनी एकदा सोडून तीनदा विचारलं. ते गृहस्थ बरे होते. कोणी शब्द बोललं असतं तर ऐकलं असतं, असं वडील जन्मभर सांगत. वडील चैतूच्या कानाशी लागून म्हणाले, ‘अरे, बोल. आत्ता बोललास तर झाडं परत मिळतील.’

चैतू म्हणाला, ‘माती फिरली, डॉक्टरभाऊ. आता माती बोलन. आमी नाई.’

कागदावर लिहिलं गेलं, की हरकत नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याच्यासारखं काही मी पुन्हा पाहिलं नाही. दर आठवडी बाजाराच्या दिवशी पळसटोल्याची माणसं अमीनसाहेबांच्या अंगणात येऊन बसू लागली. कुंपणाच्या आत, जांभळाखाली, ओळीनं. काही मागायची नाहीत, बोलायची नाहीत. नुसती त्यांच्याकडे पाहायची. ते ओसरीवर येत, चहा पीत, पायऱ्या उतरत; चाळीस डोळे त्यांच्या पायांवरून चढत, पोटावरून फिरत, तोंडावर येऊन थांबत. मग ती उठून जायची.

अमीनसाहेब फुलून गेले. ‘पाहा डॉक्टर,’ कुंपणावरून ते वडिलांना म्हणत, ‘आधी भांडत होते. आता दर्शनाला येतात. माणसाला ताठ कणा दाखवला की माणूस मानतो.’ काकू मात्र त्या दिवशी पदर घट्ट आवळून घरात बसून राहत. त्या चांद्याकडच्याच होत्या. त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बुधरी मग आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येई. टोपलीत आता पळसाच्या पत्रावळी, दुसरं काही नाही.

‘बाई, तो जेवते का नीट?’

‘जेवतो गं. दोन्ही वेळा.’

‘भात का पोळी?’

‘दोन्ही. वर तूप.’

‘खोकला बिकला?’

आईला हसू येई आणि हसल्याची लाजही वाटे. ‘नाही गं बाई. खणखणीत आहे मेला.’

‘राहू द्या,’ बुधरी उठत म्हणे. ‘मातीले घाई नसते.’

पुढच्या फाल्गुनात मोह पुन्हा फुलला. वडिलांबरोबर मी तिकडून जात होते. मुनाऱ्यांच्या पलीकडे फुलांचा सडा पडून काळा पडत होता. जंगलाच्या राखणदाराच्या म्हशी तो खात होत्या. अलीकडे, चुन्याच्या दगडांना लागून, टोल्याच्या बायका उभ्या होत्या. आत गेलेल्या दोघींच्या टोपल्या त्यानं हिसकून मोडल्या होत्या. वास मात्र सगळा अलीकडे येत होता. त्या सकाळी तिथे कोणाच्या घरात काय शिजलं असेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. तो नंतर आला, आणि मग गेला नाही.

त्याच वर्षी पाऊस संपता संपता अमीनसाहेब आजारी पडले. हुडहुडी, ताप, घाम. वडील पाहून आले आणि हात धुता धुता आईला म्हणाले, ‘साधा हिवताप. या जिल्ह्यात कोणाला येत नाही? पण कण्हतोय मात्र राज्य बुडाल्यासारखा.’

बातमी पळसटोल्याला कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती अंगणात. चैतूसुद्धा, काठी टेकत. आतून कण्हणं ऐकू येई तसे त्यांचे चेहरे खाली वाकत. आनंद नव्हता त्यात, ते मी शपथेवर सांगेन. न्यायाधीश बोलायला लागल्यावर माणसं जशी गप्प होतात तशी ती गप्प होती.

वडील कोयनेलची बाटली घेऊन निघाले तेव्हा बुधरी कुंपणाच्या फाटकाशी आडवी उभी राहिली.

‘डॉक्टरभाऊ, आज नोका जाऊ.’

‘बुधरी, माझं काम आहे ते.’

‘मातीचंई काम आहे जी. तुमी दोन दिस घरी राहा. मातीले पाहू द्या.’

वडिलांनी बाटली खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘तुझं पोर आजारी पडलं तेव्हा मी कोणाला विचारून आलो होतो?’

ती बाजूला झाली. अमीनसाहेबांनी कडू औषध पिताना जो आरडाओरडा केला तो तिनं ऐकला. आठवडा उलटायच्या आत ते ओसरीवर बसून वरणभात खात होते, आणि कोणी भेटायला गेलं की सांगत, ‘जंगलातली माणसं, पण माया केवढी! माझ्या तापाला दारात बसून होती.’

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर-चांद्याकडचा आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला, जबलपूर-रायपूरकडचा नव्या मध्य प्रदेशात राहिला. आम्ही आपल्या अंगणात होतो तिथेच होतो आणि राज्य बदललं. अमीनसाहेबांनी ओसरीवरचा नकाशा खाली उतरवून, रंग कालवून, नव्या रेघा ओढल्या. मी शेवटची त्यांच्या ओसरीवर गेले ती तेव्हा. जुनी रेघ ते ओल्या चिंधीनं इतक्या निगुतीनं पुसत होते की खाली काही होतं याचा मागमूस राहू नये. नोकरवर्गाचीही वाटणी झाली. त्यांना वरची जागा हवी होती, ती तिकडे होती. त्यांनी तिकडचं राज्य मागून घेतलं, आणि त्यांना ते मिळालं.

निघायच्या दिवशी बाजार होता. मोटार स्टँडवर कचेरीतल्या मंडळींनी झेंडूचे हार घातले. काकू आधीच खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पितळी डबा घेऊन. गर्दीच्या कडेला पळसटोल्याची माणसं उभी होती. चैतू त्यांत नव्हता, तो त्या उन्हाळ्यात गेला होता. अमीनसाहेबांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘पाहा डॉक्टर! निरोपाला आलीत.’

बुधरी पुढे आली. तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. ‘साहेब, पाय बरे आहेत का जी?’

‘एकदम!’ त्यांनी हसत एक बूट जमिनीवर आपटला, मग दुसरा. ‘अजून वीस वर्षं चालतील.’ आणि पायऱ्या चढून ते आत गेले, दांडा न धरता.

गाडी सुटली. वळणावर त्यांचा हात खिडकीबाहेर आला. शेजारच्या उतारूला ते काहीतरी दाखवत होते. बोट दूरच्या टेकडीवरून सरळ, न थरथरता, खाली नाल्याकडे उतरत होतं. बहुतेक आपली रेघ दाखवत असावेत. मग धूळ उठली आणि तो हात दिसेनासा झाला. त्यांचं शेवटचं दर्शन ते तेवढंच.

धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही. मग बुधरी वडिलांकडे वळली. तिचा आवाज मी कधी इतका बारीक झालेला ऐकला नव्हता.

‘डॉक्टरभाऊ, त्याले तं काईच नाई झालं. मंग आमचंच खोटं होतं का? मोहं आमचे नव्हतेच का?’

तिच्यामागे उभी असलेली माणसंही वडिलांकडे पाहत होती. झाडं गेली होती, सासरा गेला होता, आता ती एवढंच विचारत होती. माझे वडील विज्ञान मानणारे, नवससायास न करणारे, रोग्याला नसलेला रोग कधी न सांगणारे गृहस्थ. ज्याला त्यांनी साधा हिवताप म्हटलं होतं तो ताप मला चांगला आठवत होता.

‘झालं होतं ना,’ वडील म्हणाले. ‘त्या तापात तो जातच होता, बुधरी. मातीनं त्याला धरलं होतं. मी औषध दिलं, म्हणून सुटला.’

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत कृतज्ञता नव्हती, आणि रागही उरला नव्हता.

‘तं सीव आमचीच होती.’

‘तुमचीच होती.’

तिनं मान हलवली. मग मागे वळून तिनं बाकीच्यांना गोंडीत काहीतरी सांगितलं, आणि ती सगळी माणसं, एकामागून एक, पळसटोल्याच्या वाटेला लागली.